सीताफळाची बाग, मुंग्यांचे रस्ते आणि ग्रीसची पट्टी : उन्हाळी बहाराच्या नोंदी

२९ डिसेंबर २०२४

पाणी बंद ठेवून बागेला दिलेला ताण बसला आहे. पानं पिवळी पडून गळायला लागली, खोडं आता तळापासून उघडी दिसतात. कामाची पाहणी करायला हेच दिवस बरे.

या बहाराला मिलीबगसाठी एकही रासायनिक फवारणी करायची नाही, असं घरात ठरलं. बाग सासवडच्या पूर्वेला, कऱ्हेच्या खोऱ्यात, मुरमाड उताराची. खालच्या अंगाला ‘फुले पुरंदर’ जातीची झाडं, पाच बाय पाच मीटरवर. वरच्या अंगाला वडिलांनी लावलेली जुनी ‘बाळानगर’ जात, ती दाट आहे.

मिलीबग म्हणजे कृषी खात्याच्या भाषेत पिठ्या ढेकूण. त्याच्या अंगावर मेणाचं पांढरं पीठ असतं, त्यामुळे औषधाचं पाणी अंगाला न लागता ओघळून जातं. शिवाय बसायची जागा नेमकी अडचणीची: फळाच्या दोन डोळ्यांमधली खाच, देठाची बगल, सालीची फट. फवाऱ्यानं मरतात ते उघड्यावरचे. खाचेतले राहतात आणि त्यांच्यावर जगणारे भुंगे, कोळी, बारीक परजीवी माश्या मात्र मरून जातात. पंधरा दिवसांनी पुन्हा फळ पांढरं. हे आम्ही आमच्याच बागेत पाहिलं आहे, आणि तालुक्यात कुणालाही विचारलं तरी तो हेच सांगेल.

या किडीची एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. मादीला पंख कधीच फुटत नाहीत. पंख येतात ते नराला, आणि पंख आलेला नर काही खात नाही. मादीच्या कापसासारख्या पिशवीत ३०० ते ६०० अंडी असतात. त्यातून निघालेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, पण सगळ्यात जास्त हिंडणारं तेच. जमिनीतून, आळ्यातल्या (खोडाभोवती पाण्यासाठी केलेल्या खोलगट वाफ्यातल्या) तणावरून ते खोडानं वर चढतं. चालत येणाऱ्याला वाटेत अडवता येतं. या बहारात त्यावरच काम करायचं: खोडाभोवती ग्रीस लावलेली प्लास्टिकची पट्टी बांधायची.

५ जानेवारी २०२५

छाटणी सुरू. दरवर्षी छाटणी करताना लक्ष फक्त फुटीकडे असतं. यंदा आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवली आहे: झाड जमिनीला एकाच जागी टेकलं पाहिजे, ते म्हणजे खोडाशी. लोंबणाऱ्या, मातीला लागणाऱ्या सगळ्या फांद्या काढायच्या. आत्ता रिकामी फांदी गुडघ्याच्या उंचीवर दिसते, पण जूनमध्ये फळांच्या वजनानं ती खाली वाकणार, हे धरून कापायला सांगितलं. कमरेखाली आडवी फांदी ठेवायची नाही.

मजुरांना हे पटायला वेळ लागला. "दादा, एवढी फळाची काडी कशाला घालवताय?" असं एक मावशी दोनदा म्हणाल्या. त्यांचं म्हणणं रास्त आहे, खालच्या काडीला माल लागतोच. पण खालचा माल हाच सगळ्यात आधी पांढरा होतो आणि तिथूनच कीड वर सरकते.

जुन्या बाळानगरच्या भागात शेजारशेजारच्या झाडांच्या फांद्या एकमेकांत घुसल्यात. त्याही मोकळ्या केल्या. दहा झाडांना पट्टी बांधली आणि अकराव्याची फांदी दहाव्यावर टेकली, तर दहाही पट्ट्या वाया.

१२ जानेवारी २०२५

सीताफळ हे आंब्यासारखं एका खोडाचं झाड नाही. मोकळं सोडलं की बुडापासून चार-पाच खोडं फुटतात आणि झुडूप होतं. बाळानगरची निम्मी झाडं तशीच आहेत. अशा झाडाला पट्टी बांधायची तर प्रत्येक खोडाला वेगळी बांधावी लागते, आणि खोडांच्या बेचक्यात ग्रीसचा हात पोचत नाही.

ज्यांना दोन किंवा तीन खोडं आहेत ती तशीच ठेवायची, प्रत्येकाला पट्टी. जिथे त्याहून जास्त आहेत तिथली बारीक, आतली खोडं बुडातून काढायची. कापल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप).

छाटलेल्या काड्या बागेत ठेवल्या नाहीत. सालीच्या फटीत अंडीपुंज असतात, काडी बांधावर टाकली तर पिल्लं तिथूनच परत येतात. सगळं गोळा करून बागेबाहेर जाळलं.

१९ जानेवारी २०२५

ताण तोडला. आळी चाळून, शेणखत देऊन पाणी सोडलं.

आळी चाळताना बुडाशी मुंग्यांची घरं उघडी पडली. ज्या झाडांवर मागच्या बहाराला कीड जास्त होती, नेमकी त्यांच्याच बुडाशी घरं मोठी. जुन्या, सुटलेल्या साली गोणपाटाच्या तुकड्यानं घासून काढल्या. सालीखाली जागोजाग कापूस सापडला, म्हणजे कीड इथेच थांबून होती. खाली गोणपाट अंथरून घासायचं, मातीत पडू द्यायचं नाही, हे सगळ्यांना सांगून ठेवलं.

मुंग्यांबद्दल इथे लिहून ठेवतो, कारण सगळ्या कामाचं मूळ तिथे आहे. मिलीबग झाडाचा रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट द्रव म्हणून बाहेर टाकतो. पान आणि फळ चिकचिकीत होतं, त्यावर काळी बुरशी वाढते. मुंग्यांना हा गोड द्रव हवा असतो. तो मिळत राहावा म्हणून त्या मिलीबगची राखण करतात. भुंगा आला की त्याच्यावर तुटून पडतात, परजीवी माशीला बसू देत नाहीत, आणि मिलीबगची पिल्लं उचलून नव्या फुटीवरही नेतात. गुराखी आणि गुरांसारखंच हे नातं आहे. गुराखी हटवला की गुरांवर वाघ पडायला वेळ लागत नाही. म्हणून मला पट्टीचा खरा उपयोग मुंगी अडवण्यासाठी वाटतो. पिल्लू अडलं तर ते वरचं.

९ फेब्रुवारी २०२५

पट्ट्या बांधायला घेतल्या. नवी फूट निघते आहे, डोळे हिरवे झालेत. याच्या पुढे गेलं तर उशीर.

उत्तर भारतात आंब्याला हे काम डिसेंबरच्या शेवटी करतात, कारण तिकडचा आंब्यावरचा मिलीबग जमिनीत अंडी घालतो आणि पिल्लं वर्षातून एकदाच, डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडून खोडानं चढतात. तिथे चारशे गेज जाडीचं पॉलिथिन तेवढ्या काळापुरतं बांधलं की मोठं काम होतं. आपल्याकडे सीताफळावर येणाऱ्या मिलीबगच्या जाती वेगळ्या, पिढ्या वर्षभर चालू असतात, उन्हाळ्यात महिनाभरात एक पिढी पुरी होते. त्यामुळे आपल्याला पट्टी बहार संपेपर्यंत सांभाळायची आहे. तिकडची पद्धत जशीच्या तशी उचलून चालणार नाही.

आज जे केलं ते असं. जमिनीपासून साधारण एक फुटावर खोडाचा त्यातल्या त्यात गुळगुळीत भाग निवडायचा. तिथली साल घासून साफ करायची. चारशे गेजच्या पॉलिथिनची पंधरा ते वीस सेंटिमीटर रुंदीची पट्टी, खोडाला वेढा पुरा होऊन चार बोटं वर चढेल इतकी लांब. आधी खोडावर जुन्या सुती कापडाचा एक थर, त्यावर पट्टी, आणि वर-खाली दोन्ही कडांना सुतळीनं बांधायचं. पट्टीच्या मधल्या भागावर तीन बोटं रुंद ग्रीसचा थर. पट्टीच्या कडांना ग्रीस नाही.

ग्रीस थेट सालीवर लावायचं नाही. काही जण तसं करतात, काम लवकर उरकतं. पण ग्रीसमधलं तेल सालीत मुरतं, साल काळी पडते, नरम होते, पुढे तिथून सुटते. सालीच्या लगेच आतून झाडाचा अन्नरस खाली जातो, आणि तिथेच गोल वेढा घालून इजा केली तर झाड खंगतं. प्लास्टिक हवं ते एवढ्यासाठीच.

बांधावरच्या दोन ओळी मुद्दाम बिनपट्टीच्या ठेवल्या. छाटणी, आळी, पाणी, सगळं सारखं. पट्टीनं काय झालं आणि इतर कामानं काय झालं, हे वेगळं कळायला हवं.

२३ फेब्रुवारी २०२५

पट्टीखालून मुंग्या जातात.

कापडाचा थर असूनही. सीताफळाच्या सालीला उभ्या खाचा असतात आणि जुन्या झाडाला त्या चांगल्या खोल आहेत. सुतळी वरून आवळली तरी खाचेत पोकळी राहते, त्यातून बारीक काळ्या मुंग्यांची रांग बिनबोभाट वर. मोठे मुंगळे मात्र ग्रीसपाशी येऊन माघारी फिरतात, त्यांना खाच पुरत नाही.

फुले पुरंदरच्या तरण्या झाडांवर हा प्रश्न जवळजवळ नाही. जुन्या झाडांच्या पट्ट्या सोडून खाचांमध्ये गाळाची माती आणि शेण एकत्र मळून भरलं, वर कापड, मग पट्टी. मातीचा लेप वाळला की तडकतो, म्हणून त्यात थोडा भुसा घातला. दिवसभरात जेमतेम एक ओळ झाली.

२ मार्च २०२५

लेप टिकला. लेप दिलेल्या झाडांवर पट्टीच्या वर मुंगी नाही, खाली मुंग्यांचा घोळका गोल फिरतो आहे.

पट्टीच्या वर अडकून पडलेल्या मुंग्यांनाही खाली घराकडे जाता येत नाही. त्या दोन-चार दिवस वरच फिरतात. त्यामुळे पट्टी बांधल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडावर मुंग्या दिसल्या म्हणून "पट्टी चालत नाही" असं कुणी ठरवू नये.

१६ मार्च २०२५

फूल चांगलं लागलं आहे.

सीताफळाच्या फुलात मादीचा भाग आधी तयार होतो आणि पराग नंतर सुटतो. म्हणून त्याच फुलाचा पराग त्याच फुलाला सहसा कामी येत नाही, दुसऱ्या फुलातून आणावा लागतो. मधमाशी या फुलाकडे फिरकत नाही. हे काम करतात तांदळाच्या दाण्याहूनही लहान, तपकिरी भुंगे. जाड पाकळ्यांच्या आत ते लपून बसतात. आज सकाळी फुलं उघडून पाहिली, बऱ्याच फुलांत भुंगे होते. हे उडणारे, त्यांना खोडाच्या पट्टीशी देणंघेणं नाही.

मार्चमध्ये मिलीबग दिसला की दुकानातून बाटली आणून फवारायची, ही सवय आपल्या भागात रुजली आहे. पण ऐन फुलात मारलेलं औषध या भुंग्यांना मारतं आणि मग फळधारणा कमी झाली की आपण उन्हाला दोष देतो. मला हे फार कळकळीनं सांगावंसं वाटतं: फुलाच्या काळात तरी हात आवरा.

बांधावरची जास्वंद मिलीबगनं पांढरी झाली होती. आईनं पूजेच्या फुलांसाठी लावलेली. खोडापासून छाटली, पाला जाळला. आई म्हणाली, "फुटेल पुन्हा, तू बाग बघ." अंबाडी, भेंडी, पेरू, जास्वंद, या सगळ्यांवर हीच कीड जगते. बांधावर भेंडी लावायची असेल तर बागेपासून लांब.

३० मार्च २०२५, पाडवा

गुढी उभारून बागेत चक्कर. ऊन तापलं आहे, ग्रीस पातळ होऊन पट्टीच्या खालच्या कडेला ओघळतं. काही ठिकाणी सालीला लागलं होतं, ते पुसून घेतलं. उन्हाळ्यात थर पातळ द्यायचा आणि पुन्हा पुन्हा द्यायचा. जाड थर दिला की तो उतरतोच.

दुसरा त्रास धुळीचा. रस्त्याकडच्या ओळीत ग्रीसवर धुळीची साय बसली आणि मुंग्या त्यावरून चालायला लागल्या. बोट लावून बघायचं: चिकटलं नाही तर नवं ग्रीस. गळकं पान, उडून आलेला काटक्यांचा कचरा ग्रीसला चिकटला तर तोही पूल होतो. दर आठवड्याला एक फेरी लागतेच.

एका पट्टीला पालीचं पिल्लू चिकटलेलं सापडलं. खोबरेल लावून सोडवलं, जगलं. पाल, सरडा, चिमणीएवढे पक्षी यांना रुंद चिकट पट्टा धोक्याचा आहे. तीन बोटांचा पट्टा दोन बोटांवर आणायचं ठरवलं, मुंगीला तेवढा पुरतो.

१३ एप्रिल २०२५

पट्टीच्या झाडांवरही मिलीबग सापडला. मुंगी नाही, पण फांदीच्या बेचक्यात आणि सुपारीएवढ्या फळांच्या देठाशी पांढरे ठिपके.

शेजारचे तात्या बरोबर होते. म्हणाले, "पट्टीनं मुंगी अडली रे, पण वाऱ्याला कोण पट्टी बांधणार?" खरं आहे. बारीक पिल्लं वाऱ्याबरोबर उडून येतात, माणसाच्या कपड्याला, क्रेटला, छाटणीच्या कात्रीला चिकटून येतात. आणि जानेवारीत साल घासताना वरच्या फांद्यांच्या फटीत जी अंडी राहिली, ती तर आधीपासूनच पट्टीच्या वर होती.

फरक आहे तो पुढे काय होतं त्यात. बिनपट्टीच्या ओळीत प्रत्येक ठिपक्याभोवती मुंग्यांचं कडं आहे. पट्टीच्या झाडांवर ठिपके उघडे, बेवारशी. म्हणजे मिलीबग खाणारे भुंगे सोडायची वेळ आली.

२० एप्रिल २०२५

पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून क्रिप्टोलेमस मॉन्ट्रोझायरी हे परभक्षी भुंगे आणले. शिफारस हेक्टरी १५०० भुंग्यांची आहे, एकराला ६०० पडतात.

हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला, आणि रुळला तो मिलीबगवर. चार मिलिमीटरचा, पंख काळसर, डोकं आणि मान नारिंगी. प्रयोगशाळेत तो लाल भोपळ्यावर वाढवतात: आधी भोपळ्यावर मिलीबग वाढवायचे, भोपळा पांढरा झाला की पिंजऱ्यात भुंगे सोडायचे, महिनाभरात नवी पिढी तयार. देठ असलेला, खाचा खोल असलेला भोपळा निवडतात, तो लवकर सडत नाही आणि खाचांत कीड चांगली बसते.

ऊन उतरल्यावर, संध्याकाळी सोडले. सगळ्या बागेत सारखे उधळले नाहीत, जिथे ठिपके आहेत त्या झाडांवर जास्त. बिनपट्टीच्या ओळींतही सोडले, त्याशिवाय तुलना खरी होणार नाही. वीस मिनिटांत तिथे एका भुंग्याला चार मुंग्यांनी पायांना धरून ओढलेलं पाहिलं.

भुंगे सोडण्याआधी आणि नंतर पंधरा दिवस तरी बागेत कीटकनाशक नको. आमच्याकडे नाहीच. वाऱ्याच्या बाजूच्या शेजाऱ्यांना मात्र जाऊन सांगून आलो, त्यांनी ऐकलंही.

४ मे २०२५

सगळ्यांनी बघून ठेवावं असं आज दिसलं.

क्रिप्टोलेमसची अळी हुबेहूब मिलीबगसारखी दिसते. अंगावर तशाच पांढऱ्या मेणाच्या झालरी, लांबून पाहिलं तर कीड वाढली असंच वाटावं. खुरपणीला आलेल्या बायकांनी चांगल्या मनानं दोन-तीन चिरडल्याही होत्या. सगळ्यांना एका झाडाखाली बोलावून दाखवलं. मिलीबग लहान, जागचा हलत नाही, हलला तर सावकाश. अळी त्याच्या तिप्पट-चौपट मोठी, झालरी लांब आणि विस्कटलेल्या, आणि बोट जवळ नेलं की तुरुतुरु पळते. "पळतं ते आपलं, बसतं ते दुसऱ्याचं," एकीनं लगेच सगळ्यांना समजेल असं करून सांगितलं. आता तेच वाक्य बागेत चालतं.

पट्टीच्या झाडांवर अळ्या भरपूर आहेत. बिनपट्टीच्या ओळीत शोधून शोधून एखादी.

काही अळ्या खोडावरून खाली उतरून पट्टीच्या वरच्या कडेच्या घडीत कोषात गेल्यात. आडोसा हवा असतो त्यांना. म्हणून काही झाडांना पट्टीच्या वर गोणपाटाचा सैल तुकडा गुंडाळला. आता पट्टीची दुरुस्ती करताना वरची घडी उलगडून बघितल्याशिवाय हात लावायचा नाही.

२६ मे २०२५

मे महिना आणि पावसाळ्यासारखा पाऊस. आठवडाभर थांबला नाही. दौंड, बारामतीकडे तर घरांत पाणी शिरलं. आमच्याकडे उतारामुळे बाग वाचली, आळी भरली, दोन ओळींचं ठिबक उघडं पडलं.

ग्रीस पावसानं धुऊन जात नाही, पण मातीचे शिंतोडे फुटावर उडून ग्रीसवर लेप चढला. मातीचा आणि शेणाचा आतला भराव जुन्या झाडांवर फुगून निघाला. सगळं पुन्हा करायचं.

जोराच्या सरींनी मिलीबगही खाली पडले. पडलेले मरत नाहीत, आळ्यातल्या तणावर बसतात आणि परत चढायला बघतात. त्यामुळे पाऊस उघडला की पहिल्या दोन दिवसांत पट्टी नीट करणं महत्त्वाचं, आठवडाभर थांबून चालणार नाही.

८ जून २०२५

तण गुडघाभर. खालच्या फांद्यांना टेकलं आहे. एकेक गवताची काडी म्हणजे मुंगीचा जिना. ग्रासकटर फिरवला, खोडाजवळ हातानं काढलं.

फळं भरत आली, फांद्या वाकल्या, टेकू द्यावे लागले. टेकू म्हणजे जमिनीतून थेट फांदीवर जाणारा रस्ता! बांबूच्या बुडाशी विताएवढी पट्टी गुंडाळून तिथेही ग्रीस लावलं. बांबूला साल नाही, खाचा नाहीत, ते काम झटपट झालं. शक्य तिथे टेकूऐवजी फांदी सुतळीनं वरच्या जाड फांदीला बांधली. हे जास्त बरं, जमिनीशी संबंधच नाही. ठिबकची नळी जिथे खोडाला वळसा घालून वर अडकवली होती, ती खाली सोडली.

हवेत ओल आहे, म्हणून राहिलेल्या ठिपक्यांवर व्हर्टिसिलियम लेकॅनी ही मिलीबगला मारणारी बुरशी, दहा लिटर पाण्यात ४० ग्रॅम, संध्याकाळी फवारली. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत ती रुजत नाही, पैसे वाया जातात. फक्त ठिपके असलेल्या झाडांवर, सरसकट नाही.

२२ जून २०२५

माऊलींची पालखी सासवडला मुक्कामी. गडी माणसं सगळी तिकडे, आम्हीही जाऊन आलो. बागेचं काम बंद.

३० जून २०२५

पहिला तोडा. डोळे उघडून खाचा पिवळसर पांढऱ्या झालेली तेवढीच फळं घेतली.

फळ हातात घेतलं की पहिली नजर खाचेत जाते. मिलीबगनं भरलेलं फळ आतून गोड असलं तरी बाजारात त्याला कुणी हात लावत नाही, पाटीत एक जरी तसं दिसलं तरी आडत्या सगळ्या पाटीचा भाव पाडतो. आज पट्टीच्या ओळींतला माल तीन प्रतींत लावला. तिसऱ्या प्रतीत गेलं ते बहुतेक आकारानं लहान म्हणून, पांढरं म्हणून थोडंच. ब्रशनं झाडावी लागली अशी फळं प्रत्येक पाटीत एखाददुसरी.

बिनपट्टीच्या दोन ओळींचा माल वेगळा लावला. निम्म्याहून जास्त फळांच्या देठाशी कापूस, खालच्या फळांवर काळी बुरशी. छाटणी तीच, भुंगे तेच, फवारलेली बुरशी तीच. फरक मुंगीचा.

तात्यांना दोन्ही पाट्या दाखवल्या. त्यांनी फळं उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "पुढच्या बहाराला माझ्या बागेत पट्ट्या बांधायला कोण येणार?" सुतळी कुठल्या जाडीची, ग्रीस किती लागतं, सगळं त्यांनी लिहून घेतलं.

१३ जुलै २०२५

माल जोरात चालू आहे. बाळानगरच्या बहुखोडी झाडांचा निकाल मात्र मधलाच. तीन खोडांच्या झाडाला तीन पट्ट्या नीट राहिल्या तर फळ स्वच्छ, एकही ढिली झाली तर सगळं झाड भरतं. अशा झाडांवर वेळ तिप्पट जातो. मोठ्या बागेत, मजुरीनं काम करून घेणाऱ्याला हे परवडेल असं मी म्हणणार नाही. घरची माणसं बागेत रोज फिरत असतील तरच बहुखोडी झाडाला पट्टी बांधावी, नाहीतर तिथे भुंगे आणि तणाची सफाई यांवर भर द्यावा.

एक लिहायचं राहिलं होतं. सीताफळाच्या पानाला शेळी तोंड लावत नाही. बिया कुटून डोक्याच्या उवांना लावायची जुनी रीत आहे, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा जातो इतकी जहाल. स्वतःचं एवढं विष असलेलं झाड या मऊ, पिठाळ किड्यापुढे मात्र हतबल होतं.

१० ऑगस्ट २०२५

तोडा संपला. आज सगळ्या पट्ट्या सोडल्या. प्लास्टिक खोडावर वर्षभर ठेवायचं नाही: आत ओल धरते, साल कुजते, खोड जाड होताना सुतळी रुतते. चार झाडांवर सुतळीचा वळ उठलाच होता. पुढच्या वेळी सुतळीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या चकत्या, त्या ताणतात.

पट्टीखालची साल बहुतेक ठिकाणी ठीक आहे. जिथे कापड होतं तिथे कोरडी, जिथे ग्रीस ओघळलं होतं तिथे काळसर डाग, पण नखानं खरवडलं तर आत हिरवी. गोणपाटाचे तुकडे सोडताना आत क्रिप्टोलेमसचे कोष आणि काही भुंगे मिळाले. ते तुकडे तसेच उचलून पावसाळी बहार धरलेल्या तात्यांच्या बागेत, मिलीबग असलेल्या झाडांवर बांधले.

ग्रीस लागलेलं प्लास्टिक बांधावर टाकायचं किंवा जाळायचं नाही. गोणीत भरून ठेवलं आहे, सासवडला भंगारवाल्याकडे देणार. खालच्या पडीक तुकड्यात फुले पुरंदरची नवी रोपं लावली आहेत. त्यांना पहिल्या वर्षापासून एकच खोड ठेवायचं, दीड-दोन फुटांपर्यंतचे फुटवे दर महिन्याला हातानं खुडायचे. ते काम धाकट्या भावाकडे दिलं आहे, उद्यापासून सुरू.